चिंचेनं घासलेला कलश

कल्याणच्या बंदरावर बायजा कोळणीनं उत्तराबाईंच्या हातातला तांब्याचा कलश घेतला, आत डोकावून पाहिलं आणि तसाच परत दिला.

"यात नको, बाय. माज्या मडक्यात ऱ्हाऊ देत."

कलश तर उत्तराबाईंनी पहाटे चिंच लावून आरशासारखा घासला होता. मडकं नवं कोरं दिसत होतं खरं, पण कोळणीच्या घरचं. आणि मासे विकून पोट भरणाऱ्या बाईला मासे जिवंत ठेवण्याची एवढी काळजी का?

उत्तराबाईंनी घरून आणलेलं तीर्थ कलशात ओतलं आणि तो जवळच ठेवला. त्यांची लेक सुहासिनी बाळंतपणाला माहेरी, ठाण्यात नौपाड्याला आली होती. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली, आता तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. कल्याणच्या शेणाळे तळ्यातले सात मासे जिवंत आणून ठाण्याच्या मासुंदा तळ्यात सोडीन, असं उत्तराबाई देवापुढे बोलून बसल्या होत्या. मागच्या सोमवारी याच कलशातून बैलगाडीनं नेलेले सातही मासे मुंब्र्याजवळ उलटे होऊन तरंगले. गाडीवानानं पाण्यात काही कालवलं असेल, हा संशय त्यांच्या मनातून अजून गेला नव्हता. म्हणून या खेपेला होडी, आणि शेजारणीनं सुचवलेली ही बायजा.

ओहोटी लागली तशी काळुराम तांडेलानं होडी सोडली. बायजानं मडकं सावलीत ठेवून तोंडावर ओलं फडकं बांधलं.

"अर्धंच भरलंयस गं?" उत्तराबाईंनी हळूच विचारलं.

"वरती वारा नको का त्यांना?"

उत्तराबाईंनी पदराखालून भाताची मूद काढली. मुक्या जिवांना उपाशी कसं न्यायचं? बायजानं हात आडवा धरला.

"काय पन घालू नका. खाल्लं की पान्यात घान करतील."

थोड्या वेळानं ती करवंटीनं मडक्यातलं पाणी उचलून वरून धार सोडू लागली. पुन्हा पुन्हा. उत्तराबाईंच्या जपाची माळ थांबली. बोटं बुडवते, पाणी ढवळते, खायला घालू देत नाही. मासे अर्धमेले करून ठाण्याच्या बाजारात बसायचा तर बेत नाही ना हिचा?

डोंबिवली मागे पडली. बायजा काळुरामाला शिडाची दोरी ओढू लागायला पुढच्या टोकाला, नाळेकडे गेली. उत्तराबाईंनी झटकन फडकं सोडलं, एक मासा ओंजळीत धरला आणि शेजारच्या कलशात सोडला. एक तरी पवित्र पाण्यातून जाऊ दे. वर तुळशीपत्र टाकलं, पदरानं झाकलं, आणि माळ पुन्हा फिरू लागली.

ठाण्याच्या बंदरातून त्या पायीच तळ्यावर आल्या. मागून मडकं घेऊन बायजा आणि गंमत बघायला काळुराम. पायरीवर बसून बायजानं मासे एकेक करून पाण्यात सोडले. बोटाएवढे रुपेरी मासे शेपटी मारून दिसेनासे होत गेले. एक, दोन, करता करता सहा.

बायजानं मडक्यात हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय गो बायजे," काळुराम खो खो हसला, "कालवन केलंस का सातव्याचं?"

"गप ऱ्हा, मेल्या!" बायजाचा चेहरा उतरला होता. "बाय, देवाशप्पत, मी सात मोजलेले. तुमच्या म्होरंच मोजलेले."

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. कोळणीनंच खाल्ला म्हणायला काळुराम तयारच होता. उत्तराबाईंनी कलशावरचा पदर बाजूला केला. तुळशीच्या पानाखाली सातवा मासा पोट वर करून पडला होता.

"मी काढला गं," त्या पुटपुटल्या. "तू पलीकडे होतीस तेव्हा."

बायजानं मासा तळहातावर घेतला, उलटा-सुलटा केला. "तांबं सोसत न्हाय त्यांना. चिंचेनं घासलेलं तर लईच वंगाळ. मागल्या टायमाला बी यातच नेलेलं का?"

उत्तराबाईंनी होकारार्थी मान हलवली. गाडीवानाच्या सात पिढ्या काढल्या होत्या त्यांनी, मनातल्या मनात. आणि देवापुढचा हा कलश रोज स्वतःच्या हातानं चिंच लावून घासत होत्या.

घरी सुहासिनी वाट पाहत असेल. सगळे सुखरूप पोचले ना, असं विचारील. उत्तराबाईंनी कलश पालथा करून दूर सरकवला.

"बायजा, उद्याची ओहोटी कधी लागते गं?"

"सकालच्याला. का?"

"एक राहिलाय. मडकं तूच आण. आणि मी मध्ये हात घालायला लागले, तर सरळ माझा हात धर."

"बामनाच्या बायचा हात धरू मी?"

"धर," उत्तराबाई म्हणाल्या.