पाठ खंडू नये म्हणून

पिशवीतला फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा स्वर्ण कौरने पिठाचे हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी उघडली. पिशवी पाठ वाचायला आलेल्या 'पाठी' अजैबसिंगांची होती. ते आतल्या खोलीत गुरूंच्या ग्रंथापुढे बसून वाचत होते. त्यांचा संथ, खर्जातला आवाज अंगणापर्यंत येत होता.

"अहो, कुठं आहात?" पलीकडे त्यांची बायको होती. "बीजींचं काही खरं नाही. डोळे उघडत नाहीत, पण 'जैबा आला का' एवढंच विचारतायत."

"मी तरसेमसिंगांच्या घरून बोलतेय, ताई. भाईजी पाठावर बसलेत."

"मग सांगा ना त्यांना! दोन कोस तर आहे. डॉक्टर म्हणाले, आईपाशी मुलाला बोलवून घ्या."

"सांगते," स्वर्ण म्हणाली. फोन पिशवीत ठेवला, पिशवी खुंटीला अडकवली आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसली. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

अखंड पाठ शुक्रवारी सकाळी बसला होता, उद्या रविवारी सकाळी समाप्ती. अठ्ठेचाळीस तासांत वाचन थांबता कामा नये. एक पाठी उठण्याआधी दुसऱ्याने शेजारी बसून त्याच्याबरोबर ओळ उचलायची, मग पहिल्याने सरकायचं. बाकीचे दोन पाठी पहाटे नदीपलीकडे आपल्या गावी आंघोळीला गेले आणि तिकडेच अडकले. पुलावर उसाची ट्रॉली उलटली होती. अजैबसिंगांची पाळी दहालाच संपली होती, तरी ते बिचारे वाचतच होते.

स्वर्णचा मुलगा नवतेज, घरातला तेजी, सात महिन्यांपूर्वी एजंटाच्या भरवशावर अमेरिकेला निघाला होता. पनामाच्या जंगलाच्या तोंडाशी आल्यावर त्याचा फोन आला. "मम्मी, उद्यापासून चालायचंय. आठवडाभर फोन होणार नाही. रडू नकोस हं." तो आठवडा अजून संपला नव्हता. एजंटाचा नंबर बंद झाला. पोलिसांच्या, आमदारांच्या पायऱ्या झिजवून झाल्या. बेबेला, म्हणजे सासूला, न कळू देता ती ज्योतिषाकडेही जाऊन आली. शेवटी गुरूंनाच शरण जायचं ठरलं. पाठ न खंडता पार पडला, तर तेजी येईल. खंडला तर... यापुढे ती कधी जात नसे. महिनाभर ती दिवसातून एकदाच जेवत होती.

नवरा बाहेरून आला. "क्रेन आलीय म्हणे पुलावर. अर्धा तास."

"ऐका ना. समजा, भाईजींना मधेच उठावं लागलं तर?"

"का उठतील ते?"

"समजा."

"मग तू बस!" तरसेमसिंग कितीतरी दिवसांनी हसला. "बापानं शिकवलं होतं ना तुला? पहिल्याच पानावर रुतेल तुझी गाडी."

वडिलांनी शिकवलं होतं खरं. पण लग्नाला तीस वर्षं झाली, चारचौघांत तिने तोंड उघडून वाचलं नव्हतं. जीभ अडखळली, एखादी ओळ सुटली, तर? ते पाप कुणाच्या माथी बसेल? तेजीच्याच ना? अर्ध्या तासाने काय होतंय, तिने मनाला समजावलं. म्हातारी माणसं असं चार-चार दिवस 'आला का' करत राहतात.

पिशवीत फोन पुन्हा वाजला. ती उठली आणि बटण दाबून त्याचा आवाज घालवून आली.

अंगणात उन्हात बेबे शेजारच्या छिंदोबरोबर मटार सोलत होती. बेबेचं माहेर सुलतानपूरचं. बाबा नानक कधीकाळी तिथं राहिलेले, म्हणून ते तिला आपल्या गल्लीतलेच वाटायचे.

"मग काय, नवाब म्हणाला, कुणी हिंदू नाही नि कुणी मुसलमान नाही म्हणतोस, तर चल नमाजाला. बाबा गेले. सगळे वाकले आणि हे आपले ताठ उभे, वर हसतायत! काझी तापला. बाबा म्हणाले, वाकू कुणाबरोबर? तू इथं नि तुझा जीव घरी. घोडी व्यालीय, शिंगरू विहिरीत पडेल की काय, याचा घोर तुला. आणि हे नवाबसाहेब तर काबूलला घोडे खरेदी करतायत!"

"बेबे, पाठाला बसल्यावर तुझा जीव कुठं असतो गं?" छिंदोने विचारलं.

"माझा? डाळीत मीठ दोनदा पडलं का, त्यात!"

दोघी खदाखदा हसल्या. स्वर्णचं लाटणं थांबलं. कालपासून ती पाठाकडे कान लावून बसली होती, पण ऐकत होती ती एवढंच, की आवाज थांबत तर नाही ना. आत काय वाचलं जातंय, त्यातलं अक्षरही तिच्यात शिरलं नव्हतं. आणि दोन कोसांवर एक म्हातारी विचारत होती, आला का?

तिने हातपाय धुतले, ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली आणि आत जाऊन अजैबसिंगांच्या शेजारी बसली.

"भाईजी, घरून फोन होता. बीजींचं बरं नाही, तुम्हाला विचारतायत. पाऊण तास झाला त्याला. मीच सांगितलं नाही."

अजैबसिंगांचं वाचन थांबलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकदाच. मग बोट ओळीखाली ठेवलं. तिने ओळ उचलली, दोघांनी ती मिळून वाचली आणि ते सरकले. लगोलग बाहेर तरसेमसिंगची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

स्वर्ण अडखळली. एका शब्दाशी दोनदा माघारी आली. घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. अंगणातलं हसणं बंद झालं. बेबे दारात येऊन हात जोडून उभी राहिली. पाऊण तासाने दुसरे पाठी धापा टाकत आले, शेजारी बसले, त्यांनी ओळ उचलली, तेव्हा स्वर्णला उठताच येईना. पाय बधिर झाले होते.

तरसेमसिंग अंगणात मोटारसायकल टेकवून उभा होता.

"पोचलो, तेव्हा तोंडावरून चादर ओढली होती. दहा-पंधरा मिनिटं झाली म्हणाले."

"भाईजी काही बोलले?"

"मला म्हणाले, पाठ चालू आहे ना?"

ती उंबऱ्यावरच बसली. पायरीपाशी चपला-बुटांची रांग होती. कडेला टाचेशी झिजलेले, चिखलाने माखलेले कातडी जोडे होते. अजैबसिंग अनवाणीच धावले होते. तिने ते जोडे मांडीवर घेतले आणि ओढणीच्या पदराने पुसू लागली. आधी वरून, मग तळाशी.

"दे इकडे, मी नेऊन देतो," तरसेमसिंग म्हणाला.

"नको. मी जाते."

"घरात पाठ चालू आहे आणि तू..."

"पाठी बसलेत ना."

जोडे छातीशी धरून ती गव्हाच्या शेतातून निघाली. बांधाच्या वळणावर पाठाचा आवाज ऐकू येईनासा झाला. ती थांबली नाही.