खटका

कल्लाप्पाच्या दुकानात दोन स्टुलं होती, आणि त्यातल्या एकावर कुणी बसायचं नाही. गिऱ्हाईक टेकायला लागलं की कल्लाप्पा वसकन अंगावर यायचा, "तिथं नको! पाय मोडलाय त्याचा." पाय कसला मोडतोय? चांगलं सागवानी स्टूल होतं. पण आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्यावर त्याचा दोस्त भरमा बसायचा, आणि कल्लाप्पाला वाटायचं, अजून बसतोय. चष्मा लावून कानस हातात घेतली की समोरून कुणीतरी बघतंय असं वाटून मानेवर काटा यायचा. वर बघावं तर स्टूल रिकामं.

फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून कल्लाप्पानं बेळगावात कॅम्पाच्या तोंडाला परवान्याचं दुकान टाकलं होतं. पोटापाण्याला शेतकऱ्यांच्या बंदुका होत्या, पण जीव अडकलेला जुन्या पिस्तुलांत. पॉइंट टू-टूची, बारक्या काडतुसाची, निशाणेबाजीच्या स्पर्धेतली परदेशी पिस्तुलं. ती करणाऱ्या कंपन्या केव्हाच बुडालेल्या. सुटा भाग पाहिजे तर पुणे, हुबळी, धारवाडला पत्रं टाकायची, कुठंतरी एखादं पिस्तूल मोडीत निघेपर्यंत वाट बघायची. त्यातही एकाच नावाच्या पिस्तुलाची जुनी घडण वेगळी, नवी वेगळी, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. ओळख पटायची ती नंबरावरून. दहा हजाराच्या आतलं जुनं, पुढचं नवं. म्हणून जाणता दुकानदार भाग पुडीत बांधला की तो ज्या पिस्तुलातून काढला त्याचा नंबर पुडीवर लिहायचा. "सोयरीक जुळवताना देवक बघत्यात, तसा भाग बसवताना नंबर बघायचा," असं कल्लाप्पा चारचौघांत ऐटीत सांगायचा. पूर्वी सांगायचा. आता नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या पितृपंधरवड्यात रायफल क्लबाचा शिपाई गुंडू एक फडक्यात बांधलेली वस्तू घेऊन आला. "आठ वर्सं कोर्टाच्या मालखान्यात पडून होतं. सेक्रेटरी म्हणालेत, चालू करून द्या."

कल्लाप्पानं फडकं सोडलंच नाही. हातात घेतल्या घेतल्या वजनावरून कळलं त्याला. हेच ते.

भरमा क्लबात पोरांना नेम धरायला शिकवायचा. शहात्तर साली एका सकाळी तो खोलीत एकटाच होता, आणि ह्याच पिस्तुलाचा बार झाला. लोक धावले तेव्हा सगळं संपलं होतं. पोलिसांनी कल्लाप्पाला विचारलं, पिस्तुलात काही दोष होता का? चारच दिवसांपूर्वी त्यानंच ते दुरुस्त केलं होतं. तो म्हणाला, "पिस्तूल ठीक होतं." लिहून दिलं, सही केली. त्यांच्याही माणसानं चाप ओढून बघितला, चांगला चालला. मग गावानं आपलं गणित मांडलं. पिस्तूल ठीक, खोलीत दुसरं कुणी नाही, त्यात भरमाचं भावाशी भांडण झालेलं. भरमानं जीव दिला. झालं! एका ओळीची सही, आणि माणूस मेल्यावर पुन्हा मेला.

त्या दिवसापासून कल्लाप्पाच्या कानात एक आवाज बसला होता. खट. दुकानात सगळं सामसूम असलं की कुठल्यातरी डब्यातून यायचा. काडतुसावर आपटणारा घोडा मागं ओढला की त्याला धरून ठेवणारा नखाएवढा लोखंडाचा तुकडा असतो, त्याला खटका म्हणतात. तोच त्यानं त्या पिस्तुलात नवा बसवला होता. आणि बसवताना काहीतरी खटकलं होतं. काय, ते त्यानं आठ वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. पुडीचा कागद मात्र बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवला होता. टाकवत नव्हता आणि वाचवतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरमाची मालू आली. काकतीहून बस पकडून, उन्हानं लाल होऊन. संकेश्वरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागलेली, एकवीस-बावीसची पोर. आली आणि सरळ त्या स्टुलावर बसली.

कल्लाप्पाचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. बापाचे डोळे घेऊन आली होती कार्टी.

"काका, ते पिस्तूल तुमच्याकडं आलंय म्हणं."

"व्हय."

"निपाणीचं स्थळ आलंय मला. पोरगा चांगला हाय, त्याला मी पसंत हाय. पण त्याची माणसं म्हणत्यात, बापानं जीव दिलेल्या घरातली पोरगी नको." तिनं पदर सारखा केला. "लगीन मोडलं तर मोडू दे, काका. पण माझा बा मला टाकून गेला का, ते मला कळाय पायजे. ते पिस्तूल आपोआप सुटतंय का, तेवढं बघा."

आता काय करता? कल्लाप्पानं फडकं सोडलं. मूठ खोलून आतला नंबर बघितला. तीन हजार आठशे सोळा. जुनी घडण. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासलं, घोडा मागं ओढला, आणि चापाला बोटही न लावता टेबलावर ठेवलं. जरा आपटलंच.

खट.

घोडा पडला होता. आठ वर्षं डब्यातून येणारा आवाज तो हाच.

"सुटलं!" मालू ताडकन उभी राहिली. "काका, सुटलं की!"

"गंजलंय गं," कल्लाप्पा पटकन बोलून गेला. "आठ वर्सं पडून हाय. गंजल्यावर असं व्हतंय."

मालूचा चेहरा उतरला. ती पुन्हा हळूच खाली बसली. "म्हंजे तवा चांगलंच होतं? तुम्ही तसं लिहून दिलतं म्हणं."

खोटं बोलायचं तर तेही नीट जमायला हवं. हे असलं खोटं त्याला वाचवत होतं आणि भरमाला पुन्हा मारत होतं. कल्लाप्पानं पिस्तूल उजेडात धरलं. गंज कुठं होता? मालखान्यातल्या माणसानं तेलाचा हात फिरवून ठेवलं होतं, आतला खटका लखलखत होता. मग तो उठला, वरच्या फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला आणि आतला पुडीचा कागद तिच्यापुढं धरला.

"हे घे. ह्या पुडीत हा खटका आलता. धारवाडच्या दुकानातनं. नंबर बघूनच बसवलाय मी. चार हजार दोनशे बेचाळीस. जुनाच हाय."

मालूनं कागद उजेडात धरला. ऑफिसात दिवसभर कानडी पावत्या लिहिणारी पोर ती. "चार हजार कुठलं, काका? चौदा हजार दोनशे बेचाळीस हाय."

"पुढं शून्य हाय ते. शून्य, चार, दोन, चार, दोन."

"शून्य न्हाय ते. एक हाय. कानडीतला एक. खाली तोंड उघडं हाय बघा त्याचं." तिनं बोट ठेवलं. "बाकीचे आकडे आपल्यासारखेच दिसत्यात. एक तेवढा न्हाय."

हेच खटकलं होतं! नंबराच्या आधी कोण शहाणा शून्य लिहितो, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. पण काम घाईचं, स्पर्धा तोंडावर, आणि मराठी शाळेत चौथी शिकलेल्या माणसाचा ताठा असा, की शेजारच्या शिंप्याला एवढं वाचून दाखव म्हणायला जीभ रेटली नाही. उभा जन्म या मुलखात काढला, बाजारात कानडी फाडफाड बोलला, आणि कानडीतला एक ओळखता आला नाही. नव्या घडणीचा खटका जुन्या पिस्तुलात बसला. बसला, चापाला साथही दिली, पण घोड्याला धड धरून ठेवला नाही. भरमानं घोडा ओढून भरलेलं पिस्तूल टेबलावर टेकवलं असणार, बस्स.

"मालू," कल्लाप्पा म्हणाला, "तुझ्या बानं जीव दिला न्हाय. मी मारला त्याला. आणि वर सही केली."

मालूनं कागदाची घडी घालून तो मुठीत धरला आणि ती रडली. बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आईला कोण सांगणार?"

"मी. चल."

काकतीला भरमाच्या बायकोचं, सोनुबाईचं दोन खणांचं घर. ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. कल्लाप्पा उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. पुडी, आकडा, सही. एक शब्द गाळला नाही. "निपाणीला येतो, वयनी. त्या माणसांपुढं सांगतो. पोलिसांत बी लिहून देतो. मालूला कानडीत लिहायला लावतो, म्हंजे पुन्हा चूक नको. तुम्ही मला काय बी म्हणा."

सोनुबाईचे हात सुपातच थांबले होते.

"भावजी," ती म्हणाली, "आठ वर्सं मी त्यास्नी घास ठेवला न्हाय."

कल्लाप्पाला आधी कळलंच नाही.

"म्हाळ आला की सगळी घरं घास ठेवत्यात. मी न्हाय ठेवला. पदरात पोर टाकून आपल्या मनानं गेला, त्याला कशाला घास, म्हटलं. शिव्या दिल्या मी त्यास्नी. रोज, चूल पेटवताना." तिचा आवाज चिरकला. "आठ वर्सं उपाशी ठेवला मी त्यो माणूस."

"वयनी, माफ—"

"थांबा." तिनं सूप बाजूला सारलं आणि भिंतीचा आधार घेऊन उठली. "तुमचं नंतर बघू. आधी मला त्यांची माफी मागू दे."

ती आत गेली. चुलीत लाकडं सारल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा. मालू तिच्या मागोमाग गेली. कल्लाप्पाला कुणी आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभाच राहिला.

बऱ्याच वेळानं सोनुबाई बाहेर आली. हातात केळीचं पान, त्यावर वाफाळता भात, वरण, गवारीची भाजी. तिनं ते कल्लाप्पाच्या हातात दिलं.

"कौलावर ठेवा," ती म्हणाली. "माझा हात पोचत न्हाय."