सिंधुबाईंचं कपाळ

पाळकसाहेब दुकानाची पायरी उतरले आणि संगमेश्वरच्या पोटात दुखायला लागलं. लातूरच्या त्या काचेच्या दुकानात दोघं भाऊ राबायचे. थोरला संगमेश्वर काच कापायचा, शिशाच्या पट्टीत जोडायचा. धाकटा रामलिंग हैदराबादला शिकून आलेला, तो काचेवर चित्रं रंगवून भट्टीत भाजायचा. आणि जळकोटच्या जुन्या दगडी चर्चचे पाळक आनंदराज येऊन म्हणाले काय, तर सिंधुबाईंच्या आठवणीसाठी रंगीत काचांची खिडकी करायची आहे, बाईंचा चेहरा रामलिंगनं काढावा. थोरल्याच्या गल्ल्यापाशी उभं राहून म्हणाले, वर त्याच्याच हातचा चहा पिऊन गेले.

सिंधुबाई म्हणजे जळकोटच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स. भावांचं मूळ गावही तेच; तिथली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, रामलिंगही त्यातलाच. पण जन्मायला काय अक्कल लागते? संगमेश्वरची गोष्ट वेगळी होती. लहानपणी त्याच्या दंडावर उकळतं तेल सांडलं, तेव्हा सबंध उन्हाळा बाईंनी त्याची पट्टी बदलली, रडला की बशीतून चहा पाजला. 'माझा धीराचा गडी' म्हणायच्या. रामलिंगला त्या असं काही म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"बाई माझ्या होत्या," तो जेवताना बायकोला म्हणाला.

बसम्मानं ताटात भाकरी टाकली. "मग तुम्हीच काढा की चेहरा."

"मला कुठं येतं?"

"येत न्हाई तर कशाला जळून राहिलात?"

तो भाजी अळणी आहे म्हणाला आणि उठला.

काम मात्र त्यानं चोख केलं. मन कितीही वाकडं चाललं तरी हात वाकडा चालेना. पांढरी साडी, निळा काठ, बाजूला दवाखान्यातला कडुनिंब, सगळं त्यानं नीट कापलं. मधे चेहऱ्याची जागा तेवढी मोकळी राहिली. त्या भोकाकडे बघितलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रामलिंगपुढे बाईंचा एकच फोटो होता, त्यातही नर्सची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. पाळकसाहेबांना तर बाई चर्चमध्ये बसायच्या तशा हव्या होत्या, डोक्यावर नुसता पदर.

"अण्णा, बाईंचं कपाळ कसं होतं?" रामलिंगनं विचारलं.

"कपाळासारखं," संगमेश्वर म्हणाला. फुकट का सांगावं?

रामलिंगनं चेहरा सुरू केला. आजवर त्यानं काचेवर काढले ते महादेव, स्वामी, मठातले गुरू. शेवटी कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले की काम संपलं, असा त्याच्या हाताचा रिवाज. त्या दिवशीही डोळे झाले, ओठ झाले, आणि तो आपल्या नादात असताना कुंचला कपाळावरून तीनदा आडवा फिरला. मग तो निवांत कुंचला धुवायला लागला.

संगमेश्वर शेजारीच उभा होता. त्यानं बघितलं. रंग ओला होता, ओल्या बोळ्यानं सहज पुसला गेला असता. एकदा भट्टीत गेला की संपलं. ख्रिस्ती बाई, आणि कपाळावर विभूती, तीही चर्चमध्ये, सगळ्या मंडळींसमोर. काढून घ्या म्हणावं आता रामलिंगकडून चेहरे.

"अण्णा, ठीक हाय का?"

"हाव," संगमेश्वर म्हणाला. "टाक भट्टीत."

रविवारी जळकोटला चर्च गच्च भरलं होतं. खिडकीवरची चादर ओढली, सकाळचं ऊन आत आलं, आणि बाईंच्या कपाळावरचे तीन पट्टे उजळले. मागच्या बाकापाशी संगमेश्वर गालातल्या गालात हसत होता, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात दवाखान्यातली जुनी आया महामायाबाई काठी टेकत पुढं गेली. मान वर करून तिनं चेहरा निरखला.

"आठ्या बघा बाईच्या," ती म्हणाली. "बाळ आडवं आलं की अशाच पडायच्या."

आणि ती रडायला लागली. मग बाकीच्या बायकाही पदर डोळ्यांना लावू लागल्या. पाळकसाहेबांनी रामलिंगचे हात धरले. "फोटोत तर टोपी होती. तुला कसं सुचलं रे?"

रामलिंगचं तोंड गोरंमोरं झालं. "मला न्हाई सुचलं, साहेब. सवयीनं हात विभूती ओढून गेला. भट्टीतून काढल्यावर दिसलं, तेव्हा घासून बघितलं, निघेना. पण अण्णानं आधीच बघितलं होतं, हाव म्हणाला होता. बाईंना अण्णाएवढं कोण ओळखतंय? चुकलं असतं तर त्यानं माझा हात धरला असता."

सगळं चर्च मागं वळलं. महामायाबाई तुरुतुरु आली आणि तिनं संगमेश्वरचा दंड धरला, नेमका भाजल्याच्या डागावर.

"तू तो धीराचा गडी न्हवं का? तुझी पट्टी सोडताना बी अशाच आठ्या घालायची बाई. ध्यानात हाय ना?"

"हाव," संगमेश्वर म्हणाला.

मग त्यानं खिडकीकडे बघितलं. सबंध उन्हाळा ते तोंड त्याच्या तोंडासमोर होतं. त्याला बशी आठवली, चहा आठवला, 'माझा धीराचा गडी' आठवलं. कपाळ काही केल्या आठवेना.