पुंगळीच्या आत शिरणारी तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. टोकाशी वाकडी आणि स्वभावाने त्याहून वाकडी. पूर्वी मी सायकलच्या चाकात होते. अमेरिकेतल्या मोंटानाच्या ऑरव्हिल ट्वाइटने मला कापलं, घासून टोक काढलं आणि ते आडवं वळवलं. तो रायफलीची काडतुसं घरीच भरायचा. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी तो मला तिच्यात घालून बुडाजवळ फिरवायचा. पितळ ताणून पातळ झालं असेल तर तिथे आतून खाच पडते. माझं टोक अडकलं की पुंगळी भंगारात जायची. अशी पुंगळी रायफलीत फाटली, तर पेटलेला वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो.

ऑरव्हिल गेला आणि मी खिळ्यावर गंजत राहिले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याचा धाकटा भाऊ लाइल याने नव्या-जुन्या सगळ्या पुंगळ्या एकाच बादलीत कालवल्या, यंत्रात घालून चकचकीत केल्या आणि भरून टाकल्या. मला त्या माणसाचा मनस्वी राग येतो. एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या आदल्या दिवशी त्याने ऑरव्हिलच्या बायकोपुढे, आर्डिसपुढे, काडतुसांचा डबा आपटला.

"घे वहिनी! आरशासारखी आहेत. उद्या एल्क पाड आणि माझं नाव घे."

"तार घातली होतीस?"

"चकाकी बघ की!"

"तीच बघतेय. बुडाजवळ पातळ झाल्याची रेघ तरी दिसली असती, तीही घासून टाकलीस. एक गोळी उपट."

"भरलेलं काडतूस मोडू? दादाने तुला पार बिघडवलंय!"

"रायफलीला गाल माझा लागणार आहे, लाइल. उपट म्हणते ना!"

दातओठ खात त्याने गोळी उपटली, आतली बंदुकीची दारू वाटीत ओतली. आर्डिसने मला खिळ्यावरून काढून आत घातलं. मी अडकले.

"तारच वाकडी आहे," लाइल गुरगुरला.

"मग हा डबा उद्या तूच झाड. मी लांबून बघते."

त्याने दुसरं काडतूस मोडलं आणि मला हिसकावून स्वतः आत फिरवलं. मी पुन्हा अडकले. खरं सांगते, मला आसुरी आनंद झाला. त्याने मला टेबलाखाली भिरकावलं.

शेवटी लाइलने कोटाच्या खिशातून मूठभर काडतुसं बाहेर काढली. उद्यासाठी त्याने स्वतःकरता ठेवलेली ती काडतुसंही त्याच बादलीतली होती. आर्डिसने त्याला साधी कॉफीसुद्धा विचारली नाही.

"कुठे गेली ती मेली तार?" असं पुटपुटत तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली चाचपडू लागला.

मित्रांनो, माझं कौतुक नको. मला तेलाचा हात द्या आणि खिळ्यावर ठेवा. लाइलचा हात दोनदा माझ्याजवळून गेला. मी हाक मारली नाही.