मडीचं धोतर

माणूस हट्टी असावा, पण किती? आमच्या ह्यांना पक्षाघात झाला, डावं अंग गेलं, बोलणं हळूहळू परत आलं आणि त्याच्याबरोबर हट्टही आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या शंकरप्पांना बघूनच म्हटलं असेल.

हट्ट कसला, तर पूजेचा. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग रोज डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पूजा करायची, मगच तोंडात घास. आणि पूजेला नेसायचं ते मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, धोतर आपलं आपण धुवायचं, आपणच पिळायचं, दुसऱ्यानं शिवायचंसुद्धा नाही, हा ह्यांच्या आईनं घालून दिलेला नेम. आता एका हातानं धोतर पिळणार कसं? म्हणून दवाखान्यातून आल्यापासून पूजाच बंद.

"मी पिळते की," मी म्हटलं. "माझ्या हातची भाकरी चालते, पिळलेलं धोतर चालत नाही होय?"

"न्हाय चालत," म्हणाले. मग पूजेवाचून जेवायला बसायचे आणि चोरून खाल्ल्यासारखं मान खाली घालून खायचे. मला ते बघवत नव्हतं.

अशात शेजारच्या मारियाबाई घर विकून लेकाकडं निघाल्या. त्यांच्या मागच्या पडवीत कपडे धुवायचं एक जुनंपुराणं मशीन पडलं होतं. गोल टब, वर रबराचे दोन रूळ. दांडा फिरवला की कपडा रुळांमधून पिळून निघतो. ह्यांचा सगळा जन्म गिरणीत गेला, सुताला लावलेली खळ पिळून काढणाऱ्या असल्याच रुळांवर. मशीन बघितलं आणि पाय हलेना.

"दांडा एका हाताचाच हाय की गं," म्हणाले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच हसले.

मशीन आमच्या अंगणात आलं. मोटर जळालेली होती, ती काढूनच टाकली. धुवायला एक हात पुरतो म्हणे. गिरणीतले जोडीदार गैबीसाब रोज दुपारी यायचे. ते धरायचे, हे रॉकेल लावून गंजलेले नट सोडवायचे. रुळांचं रबर चिरलेलं होतं. गैबीसाबनी ओळखीच्या कारखान्यातून नवं चढवून आणलं. "भाभी, ह्यांचा एक हात आन माझा चष्मा, दोघं मिळून एक फिटर होतो बघा," म्हणायचे.

मी चहा करून द्यायची आणि आतल्या आत कढायची. धोतराचं सगळ्यांना दिसत होतं, तळहाताचं कुणालाच नाही. ह्यांचा डावा हात रोज मीच तेलानं चोळत होते. बोटं आत वळलेली, सोडवली की परत मिटायची. धोतर पिळून होईल, पण लिंग ठेवणार कुठं? कितीदा तोंडापर्यंत आलं. पण माणूस सकाळी उठून आपणहून दाढी करत होता, आज दाबाची स्प्रिंग बसवायची म्हणत होता. कुठल्या तोंडानं सांगू? "सावकाश करा की, घाई कसली," एवढंच म्हणायची. ते मशीन कधी पुरं होऊच नये असं मला वाटायचं.

पण झालं. ह्यांनी धोतर टबात खळबळलं, टोक रुळांत घातलं, दांडा फिरवला. पाणी खाली पडलं आणि धोतर चपटं होऊन पलीकडं निघालं. गैबीसाब "माशाल्ला" म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ते धोतर ह्यांनी लुंगीसारखं गुंडाळलं, विभूती लावली, पाटावर बसले. डावा हात मांडीवर घेतला, बोटं एकेक करून उघडली आणि लिंग ठेवलं. धरलेली बोटं सोडली तशी ती आत आली आणि लिंग घरंगळून मांडीवर पडलं. परत ठेवलं. परत पडलं.

मी माझा तळहात पुढं केला. "ह्याच्यावर ठेवा. घरचाच हात आहे."

"तुझ्या हातावर तुझं लिंग, कमलव्वा. माझं माझ्याच हातावर पायजे." मग आपल्या वळलेल्या बोटांकडं बघत म्हणाले, "मी धोतराच्याच मागं लागलो गं. हाताचं ध्यानातच आलं न्हाय. तुला ठावं हुतं?"

"रोज तेल मीच लावते की," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

लिंग कापडात गुंडाळून गळ्यात घातलं. "वाढ," म्हणाले.

मला वाटलं, आता मशीनकडं ढुंकूनही बघणार नाहीत. तर दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला बसले तशी हाक आली. "तुझं मडीचं लुगडं दे. ते तरी मी पिळतो."

आयुष्यभर ज्यांनी धोतराला माझा हात लागू दिला नाही, त्यांच्या हातात मी माझं लुगडं दिलं. वाळल्यावर तेच नेसून मी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं, बेल वाहिला. हे समोर भिंतीला टेकून माझ्या तळहाताकडं बघत होते, आई नसलेलं पोर दुसऱ्याच्या आईकडं बघतं तसं. मला पूजा पुरी करवली नाही.