मंगलला दिलेली शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणजे वयानं. कामानं म्हणाल तर अजून कोरी करकरीत आहे, कारण माझ्यावर आजवर एक झबलंसुद्धा शिवलेलं नाही. माझ्या वयाच्या बाकीच्या मशिनींनी ब्लाउज शिवले असतील, गणवेश शिवले असतील, उशांचे अभ्रे शिवले असतील. माझे फक्त फोटो निघाले, तेही पुष्कळ.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. अंगाला काळा रंग चढला, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आली. शेवटी एका कामगारानं लाल कापडाची चिंधी सुईखाली सरकवली, चाक फिरवून थोडे टाके घालून पाहिले आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातले टाके म्हणजे तेवढेच. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. मग त्यानं सुई, बॉबिन आणि पायडलचा पट्टा एका पिशवीत बांधून ठेवला आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते अवसरी खुर्दला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात. तो गाळा ‘पहाटवाट लोकसेवा प्रतिष्ठान’ नावाच्या संस्थेनं भाड्यानं घेतला होता. साड्यांचे गठ्ठे, स्टीलचे डबे, छत्र्या, क्रिकेटच्या बॅटी असं बरंच सामान तिथं छतापर्यंत रचलेलं होतं. या सगळ्याची व्यवस्था गेणभाऊ पाहायचे. कपाळाला गंध, वरच्या खिशात दोन मोबाईल आणि बोलणं असं गोड की समोरच्याला नाही म्हणताच येऊ नये. त्यांनी माझ्या पुढच्या बाजूला संस्थेचं स्टिकर चिकटवलं आणि त्यातली हवा बोटानं घासघासून बाहेर काढली.

आम्हा वस्तूंची ने-आण टेम्पोवाले रामदास करायचे. सरळ माणूस. एकदा गठ्ठे उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, “गेणभाऊ, येवढं समदं घेऊन देतंय तरी कोन?”

“देणगीदार.”

“त्ये कळलं. पन कोन?”

“राव, नाव कशाला पाहिजे? गुप्तदान हाय ते.”

गुप्तदान म्हटल्यावर रामदासनी पुढचा गठ्ठा उचलला. नाव न सांगता देवळाच्या पेटीत पैसे टाकणारा माणूस आपल्याकडे मोठा मानतात. त्याचं नाव खोदून खोदून विचारणं बरं दिसत नाही.

मित्रांनो, इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. अशा नोंदलेल्या संस्थांना दान दिलं तर दान देणाऱ्याला करात सूट मिळते. दवाखाने चालावेत, गरिबांची मुलं शिकावीत यासाठी ही सोय आहे आणि सोय चांगलीच आहे. निवडणुकीच्या खर्चाचं मात्र वेगळं असतं. उमेदवारानं काय खर्च केला, पैसा कुठून आला, हे त्याला निवडणूक आयोगाला सांगावं लागतं आणि त्या खर्चाला मर्यादाही असते. आमचे देणगीदार उमेदवाराला काही द्यायचे नाहीत. ते संस्थेला द्यायचे. संस्था कार्यक्रम घ्यायची आणि त्या कार्यक्रमाला उमेदवार प्रमुख पाहुणे म्हणून यायचे. आमचा टेम्पो फिरायचा त्या दोन्ही तालुक्यांत त्यांचं नाव कुणी घेतच नसे, सगळे त्यांना नुसतं ‘पाहुणे’ म्हणत.

माझा पहिला कार्यक्रम डिंगोऱ्याला झाला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. संस्थेनं गावात शिवणकामाचा वर्ग चालवला होता आणि त्यात पहिली आलेल्या बाईला मला द्यायचं ठरलं होतं. पहिली आली मंगल. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे राहायला आली होती, कांद्याच्या नाहीतर टोमॅटोच्या रानात रोजानं जायची. जूनमध्ये शाळांचे गणवेश गावातल्या बचत गटाकडे शिवायला येणार होते आणि ज्या बाईकडे स्वतःची मशीन असेल तिलाच ते कापड मिळणार होतं. एवढं काम मिळालं असतं तर मंगलचं रानातलं वाकणं थांबलं असतं. म्हणून तिचं नाव पुकारल्यावर ती जवळजवळ धावतच स्टेजवर चढली.

पाहुण्यांनी एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं मंगलला पुढे घेतलं. फोटो निघाला. मग मंगलनं जे केलं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला आधी हळदकुंकू वाहतात, ट्रॅक्टर असो की मिक्सर. तबक जवळच होतं. तिनं माझ्या चाकाला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नाडापुडीतला लाल नाडा माझ्या वरच्या आडव्या हाताला बांधला आणि वाकून नमस्कार केला. मला कुणी नमस्कार करेल असं कारखान्यात वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी हरखून गेले होते.

कार्यक्रम संपल्यावर गेणभाऊ तिच्याजवळ आले. “ताई, मशीन आज ठेवून जावा. नंबर नोंदवायचाय, कागद करायचेत. चार दिवसांत घरपोच येईल.”

“नक्की ना भाऊ?”

“आता तुमचीच हाय ती.”

मंगल घरी गेली आणि मी टेम्पोत चढले. गाळ्यावर आल्यावर गेणभाऊंनी नाडा कापून टाकला, ओल्या फडक्यानं मला पुसलं, स्टिकर जपून पुसलं. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या गावात दुसऱ्या एका बाईला मिळाले. त्यानंतर तिसरीला. कधी वर्गात पहिली आल्याबद्दल, कधी सोडतीत नंबर लागला म्हणून. दर वेळी टाळ्या, दर वेळी पाहुणे, दर वेळी चार दिवसांत घरपोच. पाहुणे कधी मत मागायचे नाहीत. “आई-बहिणींची सेवा करायला आलोय,” एवढंच म्हणायचे आणि बायका समजायच्या.

सुरुवातीला मी प्रत्येक बाईचा चेहरा लक्षात ठेवायचे. पुढे ते सोडलं. बाईच्या हाताचा घाम माझ्या अंगाला लागायचा, ती हळूच चाक चाचपायची, आणि मला काहीच वाटायचं नाही. पट्टाच लावलेला नसल्यामुळे पायडल दाबलं तरी माझ्यात काही हलत नसे. मनाचंही तसंच झालं होतं. मशीनला बधिरपणा येतो की नाही मला माहीत नाही, पण त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर एका गावात सरकारी माणसं आली. एकाच्या खांद्यावर कॅमेरा होता.

“हा खर्च कुणाचा?” त्यातल्या साहेबांनी विचारलं.

“संस्थेचा,” गेणभाऊ म्हणाले. “नोंदणीकृत संस्था आहे साहेब, महिला सक्षमीकरण करतो.”

“आणि हे उमेदवार इथं कसे?”

“ते प्रमुख पाहुणे.”

“संस्थेला पैसे कोण देतं?”

“देणगीदार.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्यानंही पाहिलं. मग त्यांना चहा आला, तो त्यांनी घेतला नाही आणि ते निघून गेले. गेणभाऊंनी माईकवाल्याला खूण केली, गाणं पुन्हा सुरू झालं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही पारगावला गेलो. साखर कारखान्याच्या बाजूला मोठा मांडव होता, पन्हं होतं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या जात होत्या. सोडतीत लंकाबाईंचं नाव निघालं. साठीच्या आसपासच्या, उंच, घरची शेती स्वतः पाहणाऱ्या बाई. त्या माझ्याजवळ आल्या आणि फोटोवाल्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. माझं चाक त्यांनी सावकाश फिरवलं. चाकाच्या मागे, जिथं ते दांड्याला बसतं, तिथल्या खाचेत वाळलेलं कुंकू होतं आणि त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटून बसला होता. गेणभाऊंचं सगळं लक्ष स्टिकरकडे असायचं. तिथपर्यंत त्यांचं फडकं कधी पोचलंच नव्हतं.

“ही पुजलेली हाय,” लंकाबाई म्हणाल्या.

“मावशी, दुकानातनंच तशी आली आसंल,” गेणभाऊ हसत म्हणाले. “हात लावा, फोटो काढू.”

“दुकानदार अक्षता टाकून इकतो व्हय? कुन्या तरी बाईनं आपली म्हनून पुजलीय ही. दुसरीची पुजलेली वस्तू मी न्हाई घ्यायची.”

गेणभाऊंनी चिठ्ठ्यांच्या डब्यातून दुसरी चिठ्ठी काढायला लावली. ती बाई उठली, स्टेजच्या पायरीपर्यंत आली, लंकाबाईंनी दाखवलेली खाच तिनं पाहिली आणि परत जाऊन बसली. तिसरीचं नाव निघालं, ती उठलीच नाही. कुणी घोषणा दिली नाही, भांडण केलं नाही. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी माझा फोटो निघाला नाही, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या आत कुठं तरी काही तरी हललं.

मांडव उतरवत असताना लंकाबाई टेम्पोजवळ आल्या. “भाऊ, खरं सांगा. कुनाची हाय?”

रामदास बराच वेळ दोरी आवळत राहिले. मग म्हणाले, “लई जनींना दिली मावशी. पन पूजा फकस्त एकीनं केली व्हती. डिंगोऱ्याची मंगल.”

बचत गटाच्या बायकांकडे एकमेकींचे फोन नंबर असतात. लंकाबाईंनी डिंगोऱ्याच्या गटाला फोन लावला आणि मंगलला शोधून काढलं. मंगल इतके दिवस वाट पाहत होती. कागद व्हायला वेळ लागतो, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्या दोघी गाळ्यावर आल्या तोवर मतदान उरकलं होतं. पाहुणे पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बाहेरचा संस्थेचा फलक काढून नेला होता, गाळ्याची चावी रामदासकडे होती. त्यांनी शटर वर केलं. मंगल सरळ माझ्याजवळ आली. तिनं मला ओळखलं. रामदासनी गेणभाऊंना फोन लावला आणि आवाज मोठा करून सगळ्यांसमोर धरला.

“गेणभाऊ, मी मंगल. डिंगोऱ्याची. माझी मशीन न्यायला आलेय.”

“ताई, माझ्या हातात काय न्हाई आता. मी पगारी मानूस व्हतो.”

“मग कुनाला इचारू?”

“संस्थेला.”

“संस्था कुठंय?”

“वस्तू देणगीदारांची हाय. त्यांची परवानगी लागंल.”

“त्यांचं नाव सांगा. मी जाते त्यांच्याकडं.”

“नाव सांगता येत न्हाई ताई.” आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, मला विकत घेणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यामुळे मला कुणाकडे मागायचं हेही कुणाला माहीत नाही. गुप्तदानाचा हा अर्थ मला त्या दुपारी कळला.

“न्या वो ताई,” रामदास म्हणाले. “मी काय बघितलं न्हाई.”

“आन उद्या तुमच्यावर चोरीचा आळ आला तर?” मंगल म्हणाली. “चोरून नको भाऊ. समद्या गावाफुडं मला दिलीय, तशीच समद्यांफुडं न्यायचीय.”

लंकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मंगलनं पिशवीतून तेलाची कुपी काढली. मशीन मिळणार म्हणून ती घेऊन आली होती. तिनं माझ्या प्रत्येक भोकात थेंब थेंब तेल सोडलं, पदरानं धूळ पुसली आणि हातानं चाक फिरवलं. सुई नव्हती, दोरा नव्हता, कापड नव्हतं. तरी माझा सुईचा दांडा खाली गेला आणि वर आला. ती चाक फिरवत राहिली आणि मी रिकामीच चालत राहिले. मग तिनं नाडापुडी काढली. या खेपेला नाडा वर बांधला नाही. खाली वाकून, मी बसवलेली आहे त्या फळीच्या खालच्या बाजूला, जिथं कुणी पुसत नाही, तिथं बांधला.

जूनमध्ये गणवेशाचं कापड आलं आणि मशीनवाल्या बायकांना वाटलं गेलं. मंगल त्या महिन्यात टोमॅटोच्या रानात होती, असं रामदासनी शटर लावताना कुणाला तरी सांगितलं. ऐकून मला वाईट वाटलं. तिनं तेल घातल्यापासून मला पुन्हा वाईट वाटू लागलं आहे.

आता पुढची निवडणूक आली आहे. काल गेणभाऊ आले होते. गंध तेच, मोबाईल दोनच, संस्थेचं नाव मात्र नवं. त्यांनी जुनं स्टिकर खरवडलं, नवं लावलं आणि या खेपेला चाकाच्या मागची खाच दातकोरण्यानं साफ केली. एकदा झालेली चूक ते पुन्हा करत नाहीत. फळीखाली मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, त्याला तेल घाला, त्याची धूळ पुसा, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. ते बरोबरच आहे. पण यंत्राची खरी निगा म्हणजे ज्याचं आहे त्याच्या हाती त्यानं चालत राहणं. लवकरच तुमच्या गावच्या मांडवात मी दिसेन. तुमच्या आईचं किंवा मावशीचं नाव पुकारलं जाईल. टाळ्या वाजवण्याआधी तिला एवढंच सांगा, की वाकून फळीच्या खाली हात घाल. लाल नाडा हाताला लागला तर माईकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, ही डिंगोऱ्याच्या मंगलची मशीन आहे, आणि मशीन न्यायला गावासमोर तिला बोलावून घे.