गेर्बेनची ओळ

गेल्या रविवारी लायडनच्या संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला गेर्बेन माझ्यासमोर येऊन बसला आणि मी नजर पटावरच ठेवली. एरवी आमची गट्टी. पण आता मी बुद्धिबळाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा पगारी माणूस. प्रोग्रॅमबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, आणि माझ्या डोक्यात जे शिरेल ते कंपनीचं, असा करार. सही करताना बायको म्हणाली होती, "पगार तरी वेळेवर येईल, सिब्रेन." येतो. अगदी वेळेवर येतो.

गेर्बेन शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि घरी माळ्यावर बसून प्रोग्रॅम लिहितो. निव्वळ हौस! दर हिवाळ्यात हा बाबा सगळं मोडून पहिल्यापासून लिहायला घेतो. या खेपेच्या मोडतोडीत एक ओळ त्याच्याकडून लिहायची राहून गेली. पटावरची मांडणी आधी येऊन गेली आहे का, हे यंत्राला लक्षात ठेवायला लावणारी ओळ. ती मुळात त्यालाच सुचलेली. पूर्वी कधीतरी गरम तळलेली क्रोकेटं खाता खाता त्यानं ती मला फुकट सांगून टाकली होती. तो ती विसरला. मी कंपनीत नेली.

या स्पर्धेत आम्ही नुसते हात. पडद्यावर येईल ती खेळी पटावर करायची, आपली अक्कल खिशात ठेवायची. गेर्बेनचं यंत्र दोन प्याद्यांनी पुढे होतं. माळ्यावरचा माणूस कंपनीला हरवणार म्हणून हौशी मंडळी टेबलाभोवती जमली. तेवढ्यात त्याचा हत्ती एक घर मागे आला. मग पुढे. मग पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि परत मागे.

"अरे गाढवा, पुढे जा ना!" गेर्बेन पडद्यावर खेकसला. पण हात त्याचेही बांधलेले. त्यानं हत्ती मागे ठेवला.

तीच मांडणी तिसऱ्यांदा आली, आणि तसं झालं की नियमानं बरोबरी मागता येते. माझ्या पडद्यावर उमटलं: बरोबरी मागा. मी गप्प बसलो असतो हो! पण आमचे फान डोर्ट साहेब खुर्चीमागेच उभे होते. मी पंचाला हात केला. जिंकलेला डाव बरोबरीत सुटला.

"तुझ्या डब्याला कळतं, माझ्या गाढवाला का कळत नाही?" गेर्बेननं विचारलं. "सगळं नको सांगूस. नुसतं कुठे चुकतंय तेवढं सांग."

"मला नाही माहीत."

"तुला? तुला माहीत नाही?"

फान डोर्ट हसले. "आमच्याकडे नोकरीला या. मग सगळं कळेल."

"आणि मग मला ते कुणाला सांगता येईल?"

"कुणालाच नाही."

"मग कळून काय चाटायचंय?"

मंडळी खो खो हसली. मीही हसलो, आणि स्वतःचीच शिसारी आली. त्याचीच ओळ त्याला परत देता येईना, असला कसला धंदा हा!

गेर्बेनच्या मनात मात्र काही नव्हतं. त्यानं काळ्या खारट गोळ्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली, खिशातून पेन काढलं. "जाऊ दे. काल मला एक भन्नाट सुचलंय, ऐक. राजापुढची प्यादी मोजताना आपण काय करतो..."

फान डोर्टनी खुर्ची जवळ ओढली.

"गप्प बस!" मी ओरडलो. "मला काही सांगू नकोस. तुझ्या त्या माळ्यावरच्या फालतू कल्पना मला नकोत!"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. गेर्बेननं पेनाला टोपण लावलं. "बरं," तो म्हणाला. "मोठा झालास रे तू." पुडी उचलून तो निघून गेला.

"मूर्खासारखं काय केलंत?" फान डोर्ट कानाशी पुटपुटले. "ऐकून तरी घ्यायचं होतंत."

पलीकडच्या टेबलावर गेर्बेन दोघा हौशींना तीच कल्पना कागदावर काढून दाखवायला लागला. त्याचा आवाज मुळातच मोठा. पहिली दोन वाक्यं मला स्पष्ट ऐकू आली. मी कोट न घालताच बाहेर गेलो आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थंडीत उभा राहिलो.